गुरूच्या चित्रावर हात बसवताना

नक्कल म्हटली की आपल्याकडे नाकं मुरडली जातात. पण राफाएलने 1514-15च्या सुमारास रंगवलेल्या बाल्दास्सारे कास्तिल्योनेच्या व्यक्तिचित्राची नक्कल खुद्द रूबेन्सने केली. 1639मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमच्या लिलावात आलं तेव्हा रेम्ब्रांटने त्याचं झटपट रेखाटन केलं, आणि पुढच्याच वर्षी त्याच ढंगात स्वतःला रंगवलं. राफाएलच्या चित्रात भडक रंग जवळजवळ नाहीच. काळा, करडा, फरची बाही, निळे डोळे. शिकाऊ हाताची खरी कसोटी इथेच! गालाची ऊब दाढीपाशी कुठे विरते, हे छापील प्रत नुसती पाहून उमगत नाही. ब्रश चालवावा लागतो. हे चित्र जिथे आहे त्या लूव्र संग्रहालयात आजही परवाना काढून नक्कल करता येते, फक्त मूळ चित्राच्या मापात नाही. या अंकाच्या निमित्ताने वाचकांनीही नक्कल करायला एक चित्र निवडावं. घाई न करता, आधी करड्या छटांतच.