जुनी जीप : आधी ब्रेक, मग रंग

विलीज जीप पूर्वी मुंबईत जुळवली जात असे. अशी जुनी जीप प्रथमच घेणारे हौशी लोक बहुधा रंगकामापासून सुरुवात करतात. मला हा क्रम पटत नाही. विद्यार्थिमित्रहो, तिच्या चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर चालतात. पास्कलच्या नियमानुसार पायाचा दाब द्रवातून सर्वत्र सारखा पोचतो खरा. पण एक नळी गंजून फुटली, की तो चारही चाकांवरून एकदम नाहीसा होतो! शिवाय ब्रेकचे तेल हवेतील बाष्प शोषते. घाट उतरताना ब्रेक तापतात, त्या पाण्याची वाफ होते. वाफ सहज दबते आणि पेडल तळाला टेकते. पुढच्या चाकांना ताकद देणारा दांडा मागाहून पाहता येईल. न थांबणारी गाडी चिखलातून काढून तरी काय करायचे? नव्या नळ्या, सिलिंडरांतील रबरे आणि ताजे तेल यांचा खर्च आधी करावा.