रीत फक्त नवखीनेच पाळायची?

लिनक्स ही १९९१ पासून जगभरातल्या हातांनी घडत आलेली, सर्वांना खुली संगणकप्रणाली. तिच्या गाभ्यात दुरुस्ती सुचवायची रीत आहे : एका वेळी एकच बदल, त्याचे कारण, खाली नावानिशी सही, मग धीराने वाट पाहणे. ही शिस्त मला मान्यच आहे. पण तपासणाऱ्यानेच जाहीर पाणउतारा केला तर? वर्षानुवर्षे त्याला ‘स्पष्टवक्तेपणा’ म्हटले गेले. समुपदेशनाला येणाऱ्या सुनांनाही घरचे हेच समजावतात : बोलणे कडू, पण मन चांगले! अखेर सप्टेंबर २०१८ मध्ये प्रमुख लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीर माफी मागितली, नवी आचारसंहिता आली. काम जरूर नाकारा, कारण द्या; माणसाचा अपमान कशाला? रीत दोघांनाही बांधत नसेल, तर ती रीत नव्हे, दहशत आहे.