बाथरूममधला ट्रम्पेट

गाणं म्हणायला बाथरूमसारखी जागा नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण ट्रम्पेटचा रियाज तिथे करावा का? माझं स्पष्ट मत: करू नये. निदान रोज तरी नाही.

हौस म्हणून वाजवणाऱ्या माझ्यासारख्याला मोह होतो, हे खरं. टाइल्स, आरसा, फरशी, सगळं आवाज परत फेकणारं. सूर रेंगाळतो, पुढच्या सुरात मिसळतो आणि मधली फट झाकली जाते. जिभेचा आघात जरा उशिरा पडला तरी कळत नाही. शिवाय एवढ्याशा खोलीत काही ठराविक सूर भिंतींमध्ये घुमतात, तर शेजारचा सूर बारीक वाटतो. हा गुण-दोष वाद्याचा नाही, भिंतींमधल्या अंतराचा!

मग बेडरूम बरी? गादी, पडदे, कपड्यांनी भरलेलं कपाट. इथे चुका लख्ख ऐकू येतात. पण धोका वेगळाच आहे. ट्रम्पेटमधले उंच स्वरांश कर्ण्यातून सरळ पुढे जातात. वाजवणारा असतो कर्ण्याच्या मागे. त्याला आपल्या आवाजाची खरी चमक कळते ती भिंतींवरून परत आलेल्या आवाजातून. परत काही आलंच नाही की वाटतं, आवाज लागत नाहीये. मग माणूस जोर लावतो, माऊथपीस ओठांवर दाबतो आणि अर्ध्या तासात ओठ संपतात. वरातीतले बँडवाले उघड्यावर वाजवतात, त्यांच्या कष्टाची कल्पना यावरून करा.

मऊ वस्तू आवाज किती खातात, हे वॉलेस सॅबिनने दाखवून दिलं. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात बोललेलं नीट समजत नसे. आवाज विरायला साडेपाच सेकंदांच्या आसपास लागत. या तरुण प्राध्यापकाने जवळच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि दर खेपेला वेळ मोजला. पुढे त्याच्याच सल्ल्याने बांधलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल १९०० मध्ये उघडला.

आता कानांचं. अमेरिकेतल्या नियॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास चालतो, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! छोट्या टाइल्सच्या खोलीत जोरात वाजवलं तर तिथवर पोचणं अवघड नाही. ओठ दुखले तर दोन दिवसांत बरे होतात, गेलेला कान परत येत नाही.

तर माझा हिशोब असा. आघात, लय, अवघड जागा पडदेवाल्या खोलीत, आणि तेही हळू आवाजात. जोर लावावासा वाटला की भिंतीकडे तोंड करून चार सूर वाजवायचे, खरा आवाज कळतो. लांब सुरांसाठी आठवड्यातून एकदा तरी एखादा मोठा हॉल गाठायचा. म्यूट लावून रोजचा रियाज मला पटत नाही, त्यात फुंकर अडते आणि सूर चढतो. पण शेजाऱ्यांपुढे कोणाचं काय चालतं?

असो. खोली बदलता येत नसेल तर निदान ती काय सांगते आणि काय लपवते, एवढं ओळखून वाजवावं.