माहूरच्या वाटेवरचे ओझे

येत्या दत्तजयंतीस माझा भाचा आदिलाबादहून किनवटमार्गे माहूरगडापर्यंत पायी जाणार आहे. चार दिवसांची वाट. नवस त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा. तो लहानपणी विषमज्वरातून उठला तेव्हा बोललेला. गुडघ्यांनी तिला तो फेडू दिला नाही आणि गेल्या वर्षी ती गेली. तेव्हा ही काही सहल नव्हे. अर्ध्यावर मोटार धरून परतणे त्याच्या मनाला सोसणार नाही.

परवा तो नवी पाठपिशवी भरूनच घेऊन आला. समोरच्या किराणा दुकानातील काट्यावर ठेवली, तो १६ किलो भरली. मुलाचे स्वतःचे वजन ५८. चालणाऱ्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक ओझे घेऊ नये, असा जाणत्यांचा दंडक आहे. सवय नसलेल्याने सहाव्या हिश्श्यापाशीच थांबावे हे बरे. आम्ही ओसरीवर सतरंजी अंथरली आणि सारा संसार तिच्यावर मांडला.

तंबू प्रथम गेला. मुक्काम देवळांत आणि शाळांच्या पडवीत होणार, तिथे तंबूचे काय काम? स्टोव्ह गेला, डबाबंद खाणे गेले. जाड सुती विजारी तीन होत्या, त्यांतली एक राहिली. खरा खल झाला तो पांघरुणावरून. मार्गशीर्षात आपल्याकडे दुपारी घाम येतो आणि पहाटे दात वाजतात. थंडीच्या लाटेत या जिल्ह्यात पारा ५ अंशांखालीही उतरलेला आहे. घामाने भिजलेले सुती कापड अंगावर वाळेपर्यंत अंगाची ऊब ओढून घेते. लोकरीच्या धाग्यांत हवा अडकून राहते, म्हणून ती थोडी दमट झाली तरी ऊब धरते. यास्तव एकच जाड कोट न घेता पातळ लोकरी स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारे हलके जाकीट, असे ठरले. ऊन चढेल तसे एकेक उतरवता येते. निजण्यासाठी मी घोंगडीची बाजू हिरिरीने मांडली. पण घोंगडी निघाली अडीच किलोंची आणि त्याची झोपण्याची पिशवी सव्वा किलोची. मी हरलो.

बुटांच्या बाबतीत मात्र माझे ऐकावे लागले, कारण तो अनुभव मी पायांनी घेतलेला आहे. पंचवीस वर्षांपूर्वी याच वाटेला मी कोरे बूट घालून लागलो आणि किनवट गाठेपर्यंत दोन्ही टाचा फोडांनी भरल्या. तिथून मोटारीने परतलो. घर्षण आणि ओल एकत्र आली की कातडी सुटते. म्हणून बूट निदान महिनाभर आधी वापरून मऊ करावेत. चालून पाय सुजतात, तेव्हा अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी. आत एक पातळ आणि त्यावर एक लोकरी मोजा घालावा, म्हणजे घर्षण मोज्यामोज्यांत होते. चुरचुर जाणवताच थांबून चिकटपट्टी लावावी. पुढच्या गावाची वाट पाहू नये!

पिशवी पुन्हा भरताना जड वस्तू पाठीलगत ठेवल्या. कमरेचा पट्टा घट्ट बांधला की भार खांद्यांवरून कंबरेवर उतरतो, हे त्याने मला दाखवले.

तळाशी पंचात गुंडाळलेला पितळी तांब्या होता. बहिणीने नवसासाठी घासून ठेवलेला. मी तो वगळायच्या ढिगात ठेवला. पाण्याला हलकी बाटली होतीच. त्याने काही न बोलता तो उचलून परत आत ठेवला. मला केसलापूरच्या नागोबाचे मेसराम आठवले. पौष अमावास्येच्या पूजेसाठी ही गोंड मंडळी अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी झारीत भरून आणतात. झारी जड म्हणून ती घरी ठेवा, असे त्यांना कोण सांगेल?

तांब्याच्या बदल्यात दुसरी बॅटरी आणि आणखी एक सदरा निघाला. पिण्याचे दोन लिटर पाणी, म्हणजे दोन किलो, धरूनही काटा साडेनऊवर थांबला. आता रोज पहाटे तो तेवढेच ओझे घेऊन गावाबाहेर दोन तास चालून येतो. डाव्या टाचेची काल थोडी तक्रार होती.