टिपणाविना, पण तयारीनिशी : सातारा-सांगलीची बोलती परंपरा

१/ हाती कागद न घेता तासन्‌तास बोलणाऱ्या वक्त्याला आपण ‘उत्स्फूर्त’ म्हणतो. शब्द गौरवाचा खरा. पण त्याआड वक्त्याची मेहनत झाकली जाते. सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या प्रदेशातील तीन उदाहरणे ही मेहनत दाखवून देतात.

२/ पहिले उदाहरण समर्थ रामदासांचे. चाफळ आणि सज्जनगड ही त्यांची दोन्ही प्रमुख स्थाने सातारा जिल्ह्यात आहेत. दासबोधाच्या चौथ्या दशकातील दुसरा समास कीर्तनभक्तीविषयी आहे. कीर्तनकाराने भरपूर पाठांतर करावे, ग्रंथ कंठात ठेवावेत, अर्थ जाणून घ्यावा, अशी त्यातील अपेक्षा आहे. कागदाविना बोलण्याआधी किती वाचन अभिप्रेत होते, हे येथे दिसते.

३/ नारदीय कीर्तनाची रचनाच स्मरणाला आधार देते. पूर्वरंगात नमन, मूळ पद आणि त्याचे निरूपण. उत्तररंगात त्याच सिद्धांताला धरून आख्यान. वारकरी कीर्तन तर एका अभंगाभोवती उभे राहते. अभंगाचे चरण हेच वक्त्याचे मुद्दे. शिवाय तो अभंग श्रोत्यांनाही पाठ असतो. म्हणजे भाषणाचा आराखडा वक्ता आणि सभा या दोघांच्याही स्मरणात असतो.

४/ दुसरे उदाहरण गाडगे महाराजांचे. जन्म विदर्भातला, अक्षरओळख नाही. पण कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शिक्षणकार्याशी त्यांचा जिव्हाळा होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ मध्ये कराडला काढलेले महाविद्यालय त्यांच्याच नावाचे आहे.

५/ महाराज दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. याकडे आपण केवळ स्वच्छतेचा धडा म्हणून पाहतो. पण गल्लीबोळ झाडणाऱ्याला गावाची घाण, गावाचे दारिद्र्य आणि गावाची ऐपत सारेच दिसते. ते झाडणे हीच कीर्तनाची पूर्वतयारी होती, असे म्हणणे वावगे ठरू नये. रात्री ते श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून केलेले सण, नवसाचे बकरे, अस्पृश्यता, मुलांची शाळा : विषय गावाचे आणि उत्तरेही गावाचीच.

६/ तिसरे उदाहरण क्रांतिसिंह नाना पाटलांचे. वाळवा तालुक्यातील येडे मच्छिंद्र हे त्यांचे गाव. आज ते सांगली जिल्ह्यात येते, तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९३०च्या चळवळीत उतरण्यासाठी त्यांनी तलाठ्याची नोकरी सोडली. शेतसारा, सावकारी, बांधाचे तंटे यांची माहिती त्यांना दप्तरातूनच झालेली होती. पुढे सभांमध्ये हेच ज्ञान ग्रामीण बोलीतून, शेतीतल्या दाखल्यांतून आणि विनोदातून प्रकट झाले.

७/ १९४३ ते १९४६ या काळातील प्रतिसरकारला या भाषेचा मोठा उपयोग झाला. भूमिगत कार्यकर्त्याजवळ सापडलेला कागद पोलिसांच्या हाती पुरावा ठरू शकतो. श्रोत्याच्या ओठावर बसलेला दाखला जप्त करता येत नाही. गांधी-विवाह, न्यायदान मंडळे या कल्पना गावोगाव रुजल्या, त्यात अशा बोलण्याचा वाटा मोठा होता.

८/ या परंपरेची एक किंमतही आहे. वक्त्याचे टिपण नाही म्हणजे आपल्या हाती उरते ते इतरांनी लिहिलेले : पोलिसांचे अहवाल, वृत्तपत्रांतील सारांश, श्रोत्यांच्या आठवणी. पोलीस कायदेभंग शोधत लिहितो, भक्त श्रद्धेने लिहितो. म्हणूनच या वक्त्यांच्या नावावर फिरणारे प्रत्येक चटकदार वाक्य पुढे पाठवण्याआधी ते कोणी, केव्हा नोंदवले, हे विचारले पाहिजे. ज्याने कागद ठेवला नाही, त्याच्या तोंडी काहीही घालणे सर्वांत सोपे असते.

९/ सुदैवाने एक थेट साधन आहे. १९५६ मध्ये, निधनाच्या काही आठवडे आधी, गाडगे महाराजांनी मुंबईत वांद्र्याला केलेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. ते केवळ सुविचार टिपण्यासाठी ऐकू नये. प्रश्न कुठे येतो, महाराज कुठे थांबतात, श्रोत्यांना कुठे बोलू देतात, हे ऐकावे. छापील उताऱ्यात नेमके हेच गळून पडते.