बालत्वचारोगाचे शिक्षण : बालरोगतज्ज्ञच दाराबाहेर

ठाणे, प्रतिनिधी – मुलाच्या अंगावर पुरळ उठले की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील पालक प्रथम गाठतात तो घराजवळचा बालरोगतज्ज्ञ. लसीकरणापासून त्याची ओळख असते आणि मुलाचा सारा पूर्वेतिहास त्याला ठाऊक असतो. दमट हवा आणि दाट वस्ती यांमुळे खरूज, नायटा, घामोळे, इसब हे विकार या दवाखान्यांना नवे नाहीत. मात्र याच बालरोगतज्ज्ञाने मुलांच्या त्वचारोगांत विशेष प्रावीण्य मिळवायचे ठरविले, तर त्याच्यापुढे सरळ असा रस्ताच नाही.

एम.बी.बी.एस.ची आंतरवासितेसह साडेपाच वर्षे आणि एम.डी. बालरोगाची तीन वर्षे पूर्ण केल्यावर नवजात शिशू, बालहृदयरोग, मेंदूविकार, मूत्रपिंडविकार, कर्करोग अशा अतिविशेष शाखांची कवाडे ‘नीट-एसएस’ परीक्षेद्वारे उघडतात. त्या यादीत बालत्वचारोग नाही. देशातील काही रुग्णालयांत या विषयाच्या फेलोशिप आहेत. परंतु त्या प्रामुख्याने त्वचारोगातील पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी असतात. म्हणजे बालरोगतज्ज्ञाने ‘नीट-पीजी’ पुन्हा द्यायची, अव्वल क्रमांकाच्या विद्यार्थ्यांची पसंती असलेल्या त्वचारोगाच्या जागेसाठी झगडायचे आणि आणखी तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून काढायची. फेलोशिप धरली नाही, तरी हा प्रवास साडेअकरा वर्षांचा होतो. दवाखाना थाटलेल्या, संसारी डॉक्टरला तो झेपणे कठीण.

ही रचना केवळ भारतातच आहे, असे नव्हे. अमेरिकेत 2004 पासून बालत्वचारोगाची स्वतंत्र प्रमाणन परीक्षा घेतली जाते; तिथेही आधी त्वचारोगतज्ज्ञ होणे बंधनकारक आहे. त्यामागील तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. त्वचेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणे, लेसर वापरणे ही कौशल्ये चार व्याख्याने ऐकून येत नाहीत.

तथापि, नाण्याला दुसरी बाजूही आहे. मुलांच्या त्वचेवरील आजार अनेकदा त्वचेपुरता राहत नाही. खरजेवर खाजवून जखमा झाल्या आणि त्यांत जंतुसंसर्ग झाला, तर काही मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला, तो उगाच नव्हे. तान्ह्या बाळाच्या अंगावरील हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची लाल गाठ, पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने वाढते. हृदयविकारावरील प्रोप्रॅनोलॉल या औषधाने ती आक्रसते, हे फ्रान्समधील डॉक्टरांनी 2008 मध्ये दाखवून दिले. हे औषध देताना बाळाच्या हृदयाची गती आणि रक्तातील साखर यांवर लक्ष ठेवावे लागते. हे काम बालरोगतज्ज्ञाच्या हातचे. पण कोणती गाठ थांबून पाहायची आणि कोणती लगेच पुढे पाठवायची, हे त्याला वेळेवर उमगले पाहिजे.

स्टेरॉईडयुक्त मलमांचा प्रश्न तर घराघरांतला आहे. वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असल्याने असे औषध शरीरात जास्त शोषले जाते. नायट्यावर ते लावल्यास तात्पुरता आराम पडतो. पण आजार चिघळतो आणि त्याचे रूपही बदलते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशा अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. परंतु चिठ्ठी लिहिणाऱ्याचे प्रशिक्षणच अपुरे असेल, तर नियमाचा उपयोग मर्यादित राहतो.

मुंबईत परळच्या वाडिया बाल रुग्णालयात बालत्वचारोगाचा विभाग आहे. पण डोंबिवली वा कल्याणच्या डॉक्टरने रोज लोकलने परळ गाठायचे, तर दवाखाना बंदच ठेवावा लागेल. ठाणे महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय मात्र हाकेच्या अंतरावर आहे. बालरोग आणि त्वचारोग हे दोन्ही विभाग तिथे एकाच आवारात आहेत. अंबरनाथलाही 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर या पालिका रुग्णालयांत प्राथमिक तपासणी होऊ शकते.

या संस्थांना जोडणारा दुवा तेवढा हवा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे फेलोशिप आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रमांची चौकट आधीपासून आहे. तिचाच आधार घेऊन कार्यरत बालरोगतज्ज्ञांसाठी वर्षभराचा अर्धवेळ अभ्यासक्रम आखता येईल. आठवड्यातून एक दिवस दोन्ही विभागांचा संयुक्त बाह्यरुग्ण विभाग, ठरावीक रुग्णांची नोंदवही आणि अखेरीस प्रात्यक्षिक परीक्षा, एवढ्यावर त्याचा आरंभ होऊ शकतो. यात धोकाही आहे. अशा प्रमाणपत्राच्या जोरावर कोणी स्वतःला त्वचारोगतज्ज्ञ म्हणवून घेऊ लागला, तर रोगापेक्षा उपाय भयंकर ठरेल. म्हणूनच उपचार कुठवर करायचे आणि रुग्ण केव्हा पुढे पाठवायचा, ही मर्यादा अभ्यासक्रमातच आखून द्यावी लागेल.

महानगरात अतिविशेष तज्ज्ञ वाढले, तरी बाळाला प्रथम तपासणारा डॉक्टर बदलणार नाही. तोच अधिक शिकला, तर निदानात वाया जाणारे पहिले काही आठवडे वाचतील. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तेच निर्णायक असतात.