पांचवी कोंबडी

गेल्या दोन लेखांत आम्हीं परसांतील दयाळ व शिंपी या पक्ष्यांविषयीं लिहिलें. तें बहुतेक वाचकांनीं गोड मानून घेतलें. परंतु त्यांत ओघानें आलेला कोंबड्यांचा उल्लेख एका भगिनींस खटकला. जन्मभर रघुवंश शिकविणाऱ्या माणसानें उतारवयांत खुराडें बाळगावें हें कसें, असें त्यांनीं पत्रांत विचारलें आहे. प्रश्न रास्त आहे. शिवाय या कोंबड्यांपायीं आमच्या हातून एक अपराध घडलेला आहे. तो आज ना उद्यां वाचकांस सांगावयाचाच होता.

आमचें बिऱ्हाड वरळी कोळीवाड्याच्या तोंडाशीं आहे. ज्यांनीं हें स्थळ पाहिलें नसेल त्यांनीं समुद्रांत शिरलेली एक खडकाळ जीभ डोळ्यांपुढें आणावी. टोकाला इंग्रजांनीं सतराव्या शतकांत बांधलेला लहानसा किल्ला, उंचवट्यावर गोल्फादेवीचें देऊळ, किनाऱ्याला होड्या व जाळीं, आणि समोर २००९ सालीं खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतु. घराला घर असें लागलेलें कीं एकाच्या फोडणीची शिंक दुसऱ्यास यावी. अशा दाटींत आमच्या घरामागें दहाबारा पावलांचें परस कसें शिल्लक राहिलें, याचें आम्हांसच नवल वाटतें. त्यांत एक नारळ, एक शेवगा, थोडें अळूं, जास्वंद आणि तुळस, एवढीच संपत्ति.

२०२० सालच्या टाळेबंदींत शेजारच्या कोळी आजींच्या घरांत मुलें, सुना, नातवंडें अशीं सगळींच अडकून पडलीं. कोंबड्यांस ठाव उरेना. "मास्तर, चार दिवस तुमच्याकडं राहूं द्या," असें म्हणून त्यांनीं पांच कोंबड्या आमच्या परसांत सोडल्या. ते चार दिवस अद्याप संपलेले नाहींत. आमच्या घरांतून आरंभीं विरोध झाला, तेव्हां आम्हीं स्मृति उघडली. ग्रामकुक्कुट अभक्ष्य आहे हें खरें. पण आम्ही त्यास खावयास कोठें निघालों होतों? श्राद्धाचे वेळीं जेवणाऱ्या ब्राह्मणांवर कोंबड्याची दृष्टि पडूं नये असें मनु सांगतो, म्हणून त्या दिवशीं मागचें दार आम्ही लावून घेतों. अंडीं आजींकडे जातात आणि त्यांच्याकडून नारळ व कालवांच्या शिंपल्यांचा चुरा येतो. चुरा अर्थात् कोंबड्यांसाठीं. त्याशिवाय अंड्याचें कवच कठीण होत नाहीं.

वैयाकरणास तर कोंबडा परका नाहींच. ह्रस्व, दीर्घ व प्लुत हे स्वरांचे तीन भेद सांगतांना पाणिनीनें पहिला अकार सोडून उकारच कां घेतला? कोंबड्याच्या आरवण्यांत उकार तिन्ही मात्रांनीं क्रमानें ऐकूं येतो म्हणून, असें परंपरा सांगते. आजींचा कोंबडा पहाटे भिंतीवर चढला कीं हा पाठ आम्हांस रोज ऐकूं येतो. तो उजेड पाहून आरवत नाहीं. त्याच्या शरीरांतच घड्याळ असतें, असें जपानांतील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१३ मध्यें दाखवून दिलें. सतत मंद उजेडांत कोंबडल्यावरहि त्यांचे कोंबडे आपल्या वेळेस आरवत राहिले.

कोंबड्या आल्यानें परसाचें सगळें भलेंच झालें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. पूर्वीं तुळशीच्या कट्ट्याखालीं सापसुरळीचें एक जोडपें असे. पावसाळ्यांत पैशाचे किडे वळवळत. आतां जमिनीवर हलणारें कांहीं उरलें नाहीं. कोंबडीचा पाय म्हणजे चालता नांगर आहे. दयाळ खालीं उतरून किडे टिपी, तो आतां शेवग्यावरूनच बघून जातो. एका प्रेमाची किंमत दुसऱ्या प्रेमास मोजावी लागते हें आम्हांस उशिरां कळलें, आणि अर्धें परस आम्हीं जाळीनें तोडून सापसुरळीसाठीं राखून ठेविलें. ती अजून परतलेली नाहीं. समुद्राच्या बाजूस तेवढी चंगळ आहे. ओहोटीस खडकांच्या डबक्यांत खेकडे, शंख, समुद्रफुलें पाहत आम्ही तास घालवितों. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाचे लोक हौशी नागरिकांस मुंबईच्या किनाऱ्यांवर अशाच फेऱ्यांस नेतात व दिसेल त्या जीवाची नोंद करवितात. वहींत नोंद करण्याची खोड आम्हांस तेथूनच लागली.

आतां मूळ विषय, खुराड्याचें दार. कोंबडीला काळोखांत जवळजवळ दिसत नाहीं. म्हणून दिवस मावळला कीं ती आपण होऊन आंत जाते व दांडीवर बसते. तिच्यामागें दार लावणें एवढेंच माणसाचें काम. पण तें रोज आणि वेळच्या वेळीं झालें पाहिजे. कारण तिन्हीसांजेनंतर घुशी निघतात, किल्ल्याच्या बाजूनें कधीं मुंगूस येतें, आणि भटक्या कुत्र्यांस तर वेळकाळ नाहीं. आमचा परिपाठ असा कीं संध्याकाळीं दादरला ग्रंथसंग्रहालयांत जावयाचें. परतावयास आठ वाजत. कोळीवाड्यांतीलच आमचा एक जुना विद्यार्थी अभियांत्रिकी शिकतो. त्यानें एक तोड सुचविली. २००५ सालीं इटलींतील इव्रेआ येथें विद्यार्थ्यांसाठीं निघालेली आर्डुइनो नांवाची तळहाताएवढी पट्टी त्यानें आणून दिली आणि म्हणाला, "सर, दाराला मोटर लावूं. आज्ञा तुम्हीच लिहा."

मॅट्रिकपलीकडे आमची मजल नाहीं. पण आज्ञावली म्हणजे सूत्रवाङ्मयच आहे हें दोन दिवसांत ध्यानांत आलें. थोडक्यांत लिहावें, एकदां सांगितलेलें पुन्हां सांगूं नये, सामान्य नियमास अपवाद जोडावा. संगणकाच्या भाषांची रचना सांगण्याच्या एका पद्धतीस पाणिनीचें नांव जोडावें, अशी सूचना इंगरमन नांवाच्या गृहस्थानें १९६७ मध्येंच केली होती. आम्हांस हुरूप आला, आणि कबूल करावयास हरकत नाहीं, थोडा ताठाहि आला.

पहिली आज्ञावली जूनमध्यें लिहिली: साडेसात वाजले कीं दार सोडावें. जुलैच्या आरंभीं मुंबईंत सूर्य सुमारें ७ वाजून २० मिनिटांनीं मावळतो, त्यामुळें सर्व ठीक चाललें. नोव्हेंबरच्या अखेरीस तो ६ वाजतांच मावळूं लागला. कोंबड्या आंत आणि दार दीड तास सताड उघडें! एका रात्रीं घुशीनें दोन अंडीं पळविलीं. सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेस येतो, पण सर्वांत लवकर सूर्यास्त त्याच्या सुमारें महिनाभर आधींच होऊन जातो. संस्कृताबरोबर भूगोलाचे तास घेऊनहि हें आमच्या लक्षांत आलें नव्हतें. तें घुशीनें शिकविलें.

मग उजेड मोजणारा सेन्सर बसविला. आषाढांत एका दुपारीं चार वाजतां असें आभाळ भरून आलें कीं यंत्रानें रात्र झाली असें समजून दार पाडलें, आणि पांचहि कोंबड्या शेवग्याखालीं निथळत उभ्या राहिल्या. पुढें नारळी पौर्णिमेस वाड्यांत दिव्यांच्या माळा लागल्या, तेव्हां मध्यरात्रीपर्यंत दार उघडेंच. घड्याळाचें सूत्र आणि उजेडाचें सूत्र एकाच वेळीं लागूं पडून भांडूं लागलीं तर कोणाचें चालावें? विप्रतिषेधांत परसूत्र बलवान, हा पाणिनीचा नियम आम्ही वर्षानुवर्षें मुलांस सांगत आलों; त्यांतील 'पर' शब्दाचा अर्थच निराळा आहे असें ऋषि राजपोपट यांनीं केंब्रिजच्या प्रबंधांत मांडलें, तें २०२२ मध्यें जाहीर झालें आणि पंडितांत वाद माजला. आमच्या खुराड्यांतहि तोच वाद उभा होता.

विद्यार्थी म्हणाला, "सर, वेळ आणि उजेड दोन्ही सोडा. कोंबड्याच मोजूं." दाराच्या चौकटींत त्यानें डोळ्यांस न दिसणाऱ्या प्रकाशाचे दोन किरण बसविले, एक बाहेरच्या अंगास, एक आंतल्या. आधीं बाहेरचा तुटला व मग आंतला, तर एक कोंबडी आंत गेली. उलट झालें तर बाहेर आली. पांच भरल्या कीं दार बंद, आणि आमच्या फोनवर निरोप. ही आज्ञावली चार महिने निर्दोष चालली. आम्ही ती पाहुण्यांस दाखवीत असूं.

गेल्या मार्गशीर्षांत एका संध्याकाळीं ग्रंथसंग्रहालयांत मल्लिनाथाची टीका चाळीत असतां निरोप आला: "पांच. दार बंद." आम्ही निश्चिंत होऊन आणखी अर्धा तास वाचीत बसलों. घरीं येऊन जेवलों आणि निजलों. खुराड्याकडे कंदील घेऊन जाण्याची सवय केव्हांच सुटली होती.

सकाळीं दार उघडलें तों दांडीवर चार कोंबड्या, आणि खालीं कोपऱ्यांत अंग चोरून बसलेला आजींचा पिंवळा बोका. मासळीवर वाढलेलें तें जनावर. कोंबडींत त्यास गोडी नव्हती. थंडीचा म्हणून तो उबेला शिरला असावा. दोन्ही किरण त्यानें नीट क्रमानें तोडले होते. यंत्राचें कांहींच चुकलें नाहीं. कोंबडी म्हणजे काय हें आम्हीं त्याला कधीं सांगितलेंच नव्हतें.

करडी बाहेर राहिली होती. आजींनीं दिलेल्या पांचांत ती वयानें सर्वांत मोठी. एका पायानें अधू, म्हणून नेहमीं सगळ्यांच्या मागून यावयाची. कट्ट्यापाशीं थांबून एकदां इकडेतिकडे बघावयाची आणि मग आंत. हें आम्हांस ठाऊक होतें. बंद दारापाशीं ती किती वेळ उभी राहिली असेल, हा विचार आम्ही टाळतों. भिंतीशीं मोरीच्या तोंडाजवळ पिसें तेवढीं सांपडलीं.

आजींस सांगावयास गेलों. त्या जाळें सांधीत बसल्या होत्या. आम्हीं सर्व हकीकत सांगितली. किरण, क्रम, बोका, निरोप. त्यांनीं रागें भरावें अशी आमची जवळजवळ इच्छा होती. त्या एवढेंच म्हणाल्या, "पन मास्तर, करडी आत शिरली, ती कुनी बघितली?"

वेदान्तांत दहाव्या माणसाची गोष्ट येते. दहा जण नदी उतरतात, प्रत्येक जण स्वतःस वगळून नऊच मोजतो आणि दहावा बुडाला म्हणून सारे रडत बसतात. वर्गांत ही गोष्ट सांगतांना आम्ही त्या मूर्खांस मनसोक्त हंसविलें आहे. त्यांनीं निदान मोजलें तरी, आणि गेला असें वाटून ते रडले तरी. आमची गणती पूर्ण भरली होती. म्हणून आम्ही मल्लिनाथ वाचीत बसलों.

विद्यार्थ्यास फार वाईट वाटलें. कॅमेरा बसवून कोंबडी व मांजर यांतील भेद यंत्रास शिकवितां येईल, तें आतां अवघड राहिलेलें नाहीं, असें तो म्हणतो. तें खरें असेल. त्यानें तें खुशाल करावें, आम्ही शिकूंहि. पण दार त्याच्या हातीं देणार नाहीं असें त्यास सांगितलें आहे. सध्यांची आज्ञावली आम्हीं पुन्हां लिहून काढली. तारीख आणि मुंबईचे अक्षांश यांवरून सूर्यास्त काढणें, नंतर पंधरा मिनिटांनीं घंटा वाजविणें, एवढेंच तिचें काम. दाराची कळ खुराड्याच्या आंतल्या बाजूस बसविली आहे. वांकून आंत हात घातल्याशिवाय ती दाबतां येत नाहीं, आणि वांकलें कीं दांडी दिसतेच. ग्रंथसंग्रहालयांत आम्ही आतां सकाळीं जातों.

आजींनीं करडीच्या जागीं एक तांबडी तलंग दिली आहे. ती अजून खुराड्यास रुळली नाहीं. घंटा झाली कीं नेमकी शेवग्यावर चढून बसते. हें लिहीत असतांच घंटा वाजली. तिला उतरवावयास लांब काठी लागते, आणि काठी कालपासून आजींकडे आहे.